‘तारीख आहे ना अजून, टाका’: डोळ्यांच्या थेंबांचा खुलासा

डोळे आले की फडताळातली जुनी बाटली निघते. पण छापलेली तारीख बंद बाटलीची! सील फोडल्यावर बहुतेक थेंब 28 दिवसच वापरायचे. परभणी-नांदेडच्या उन्हात पत्र्याखाली तापलेली बाटली तर नकोच.

हात धुवा, खालची पापणी ओढा, टोक न टेकवता एकच थेंब टाका. दुसरा मावतच नाही, गालावर ओघळतो. डोळा मिटून नाकाकडचा कोपरा मिनिटभर दाबा. दुसरं औषध 5 मिनिटांनी. टोक पापणीला लागलं की जंतू बाटलीत, मग तीच बाटली घरभर फिरते.

साथीतले डोळे बहुधा विषाणूंमुळे येतात. त्यावर अँटिबायोटिक चालत नाही. जुन्या बाटलीत स्टेरॉइड असलं तर बुबुळावरची जखम चिघळू शकते. डोळा ठणकतो, अंधुक दिसतं, उजेड सोसत नाही? त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठा.