टी-२ की एअरपोर्ट रोड? मुंबईत उतरलेल्या खान्देशकराने कोणती मेट्रो धरायची

दुबई, मस्कत, दोहाहून मुंबईत उतरणाऱ्या जळगाव-धुळ्याकडच्या माणसाला मुंबई बघायची नसते, त्याला गाडी गाठायची असते. पूर्वी एका माणसाला आणायला अख्खं घर भाड्याची क्रूझर गाडी करून जायचं. अजूनही जातं, पण आता निम्म्या घरांत पोरगा फोनवरून सांगतो, "आबा, तुम्ही येऊ नका, मी मेट्रोने दादरला जातो." तिथून खरा घोळ सुरू होतो, कारण मुंबईच्या नकाशावर विमानतळाच्या नावाची स्टेशनं एकापेक्षा जास्त आहेत आणि ती दोन वेगळ्या मेट्रोंवर आहेत.

मेट्रो १ जुनी. ८ जून २०१४ ला ती सुरू झाली. वर्सोवा ते घाटकोपर, साधारण साडेअकरा किलोमीटर, बारा स्टेशनं, सगळी रस्त्याच्या वर खांबांवर. तिच्यावर 'एअरपोर्ट रोड' नावाचं स्टेशन आहे. मेट्रो ३ जमिनीखालून जाते. आरे ते कफ परेड असा हा साडेतेहेतीस किलोमीटरचा मार्ग, त्यावर सत्तावीस स्टेशनं. ती तुकड्यातुकड्याने उघडत गेली आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये थेट कफ परेडपर्यंत पोचली. तिच्यावर 'टी-२' (टर्मिनल २) आणि 'टी-१' (टर्मिनल १) अशी विमानतळाची दोन स्टेशनं आहेत. परदेशातून येणारं विमान टी-२ ला लागतं, तेव्हा आपल्याला हवं ते टी-२.

'एअरपोर्ट रोड' हे नाव ऐकून कुणालाही वाटेल की विमानातून उतरलो की समोर हेच स्टेशन असणार. तसं नाही. ते अंधेरी-कुर्ला रोडवर आहे, टर्मिनलपासून दीड-दोन किलोमीटर लांब. हातात खजुराची खोकी, चाकांच्या दोन बॅगा आणि एक ब्लँकेटचा गठ्ठा घेऊन ते अंतर कापायचं म्हणजे रिक्षा आलीच. मेट्रो ३ नव्हती तेव्हा ती रिक्षा करण्यात अर्थ होता. आता नाही. टर्मिनलमधून बाहेर पडून मेट्रोच्या पाट्यांमागे थोडं चाललं की टी-२ स्टेशन लागतं, आणि तिथून मेट्रो १ सुद्धा धरता येते. कशी, ते पुढे येईलच.

आणखी एक खोडी 'सहार रोड' स्टेशनची. आपल्याकडची वडीलधारी मंडळी आंतरराष्ट्रीय विमानतळाला अजून 'सहार'च म्हणतात. पोराला सोडायला जाताना ती मेट्रो ३ च्या सहार रोडला उतरायची शक्यता दाट. हे स्टेशन टी-२ आणि टी-१ च्या मध्ये आहे आणि ते कुठल्याच टर्मिनलचं नाही. सोडायला जाताना 'टी-२' हीच अक्षरं बघायची, बाकी काही नाही. विमानाच्या तिकिटावर बीओएम आहे की एनएमआय, हेही घरून निघतानाच बघून घ्या. बीओएम म्हणजे हे मुंबईचं विमानतळ, एनएमआय म्हणजे नवी मुंबईचं नवीन विमानतळ, आणि तिथे यातली एकही मेट्रो जात नाही.

आता मुद्द्याचं. कोणती मेट्रो धरायची हे विमानतळ बघून नाही, तर आपली गाडी कुठून सुटते ते बघून ठरवायचं. पर्यटकाला शहराचा मध्य म्हणजे गेट वे असेल, आपल्याला दादर, सीएसएमटी, कुर्ला टर्मिनस नाही तर वांद्रे टर्मिनस.

जळगाव-भुसावळच्या माणसाला बहुतेक वेळा मेट्रो ३ पुरते. टी-२ ला कफ परेडच्या दिशेची गाडी धरायची. (आरेच्या बाजूला चढलात तर उलटे जाल, आणि खाली भुयारात दिशा कळत नाही. वरची पाटी वाचा.) वीस-पंचवीस मिनिटांत दादर, पाऊण तासाच्या आत सीएसएमटी. विदर्भ, पंजाब मेल, अमरावती, हावडा मेल या आपल्या नेहमीच्या गाड्या संध्याकाळी सात ते नऊच्या सुमारास सीएसएमटीहून सुटतात. त्याच वेळी रस्त्यावर टॅक्सीचं मीटर पळत असतं आणि टॅक्सी मात्र जागेवर. भुयारातल्या गाडीला सिग्नल नाही, पाऊस नाही, कुणाची वरात नाही. भाडं अंतराप्रमाणे दहापासून सत्तर रुपयांपर्यंत, त्यामुळे पैशाचा हिशेब करत बसायचीही गरज नाही.

मग दादरला उतरायचं की सीएसएमटीला? गुगल दादर दाखवतं, कारण ते जवळ आहे. पण मेट्रोचं दादर स्टेशन पश्चिमेला, गोखले रोडवर आहे, आणि मध्य रेल्वेच्या लांब पल्ल्याच्या गाड्या पूर्वेच्या अंगाला लागतात. म्हणजे फुलबाजाराच्या बाजूची गर्दी, मग पूल, मग परत जिना. तीस किलोची बॅग घेऊन संध्याकाळी साडेसातला दादरचा पूल चढणं हे काम तरुणानेही अंगावर घेऊ नये. शिवाय दादरला गाडी थांबते ती दोन-तीन मिनिटं. आपला डबा समोर नसला की पळापळ. माझं मत विचाराल तर सामान असेल तेव्हा सरळ सीएसएमटीला जा. वेळ थोडा जास्त जातो, पण गाडी तिथूनच सुटत असल्याने ती फलाटावर आधी लागलेली असते आणि बॅगा निवांत लावता येतात. तिथेही थोडं चालणं आहेच. लोकलचे फलाट दादाभाई नौरोजी रोडच्या बाजूला, आणि मेल-एक्स्प्रेसचे पलीकडे पी. डिमेलो रोडच्या अंगाला. पण ते सगळं सपाट आहे, चाकांची बॅग ओढत जाता येते, हमालही मिळतो. हातात एकच पिशवी असेल तर दादर खुशाल करा.

मेट्रो १ तेव्हा कामाची, जेव्हा तुम्हाला घाटकोपर किंवा अंधेरीला जायचं असतं. घाटकोपर म्हणजे मध्य रेल्वे, अंधेरी म्हणजे पश्चिम रेल्वे. मावशी घाटकोपर, मुलुंड, ठाण्याला राहते, रात्री तिच्याकडे टेकून दुसऱ्या दिवशी निघायचं आहे, तर मेट्रो १ बरोबर. यासाठी एअरपोर्ट रोडला जायचं नाही. टी-२ ला आरेच्या दिशेची गाडी धरा, पुढचंच स्टेशन मरोळ नाका. तिथे या दोन मेट्रो एकमेकींना भेटतात, एक जमिनीखाली आणि दुसरी डोक्यावर. त्यामुळे सरकते जिने बरेच चढावे लागतात. लिफ्ट शोधली तर बरं. वर जाऊन घाटकोपरची गाडी. चालवणाऱ्या संस्था दोन, म्हणून तिकिटाचं वेगळं बघावं लागतं. मुंबई वन ॲपवर दोन्हींची तिकिटं मिळतात, ती विमानतळाच्या वायफायवरच काढून ठेवा. मेट्रो १ चं जास्तीत जास्त भाडं चाळीस रुपये.

पण मेट्रो १ च्या गाडीला चारच डबे आहेत, मेट्रो ३ च्या गाडीला आठ. आणि संध्याकाळी साकीनाका-मरोळची सगळी ऑफिसं सुटतात ती घाटकोपरच्याच दिशेने. त्या गर्दीत मोठी बॅग घेऊन शिरलात तर लोक तोंडाने काही बोलणार नाहीत, पण बघतील मात्र असे की बोललेले परवडले. घाटकोपरला पुढे लोकल धरून कल्याणला जायचं आणि तिथे गाडी पकडायची, हा सल्ला हुशार नातेवाईक हमखास देतात. आपल्याकडे जाणाऱ्या बहुतेक गाड्या कल्याणला थांबतात, तेव्हा सल्ला चुकीचा नाही. फक्त देणाऱ्याच्या हातात बॅग नसते.

कुर्ला टर्मिनस, म्हणजे एलटीटी, इथे दोन्ही मेट्रो अर्धवटच पोचवतात. घाटकोपरला उतरून पुन्हा रिक्षा करावी लागते. त्यापेक्षा टी-२ वरूनच रिक्षा किंवा टॅक्सी करा. एलटीटी उपनगरात असल्याने रिक्षा तिथवर जाते. दादर-सीएसएमटीकडे मात्र रिक्षाला बंदी आहे, शीव-माहीमच्या पुढे ती जात नाही.

नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेरच्या लोकांचं गणितच वेगळं. तापी लाइन, म्हणजे सुरत-भुसावळ मार्ग, पश्चिम रेल्वेची. पश्चिम रेल्वेच्या दादरहून सुटणारी खान्देश एक्स्प्रेस बोरिवलीवरून नंदुरबारमार्गे भुसावळला येते, पण ती रोज नसते, वार बघून घ्या. वांद्रे टर्मिनसहून सुटणारी गाडी असेल तर टी-२ हून सरळ रिक्षाच बरी. बोरिवलीला चढायचं असेल तरच मरोळ नाका, मेट्रो १ ने अंधेरी, आणि पुढे लोकल. धुळेकरांना थेट गाडीची वेळ जमली नाही तर नेहमीप्रमाणे चाळीसगावला उतरून पुढची गाडी, म्हणजे मुंबईपुरतं त्यांचं सगळं जळगावसारखंच.

आखातातली बरीच विमानं अपरात्री उतरतात, आणि तेव्हा दोन्ही मेट्रो बंद असतात. मेट्रो ३ रात्री साडेदहाच्या सुमारास थांबते, मेट्रो १ थोडी उशिरा, आणि दोन्ही सकाळीच सुरू होतात. सकाळी सहाची गीतांजली पकडायची असेल तर मेट्रोचा विचारच नको. प्रीपेड टॅक्सी करा, तेव्हा रस्तेही मोकळे असतात. दुपारची किंवा संध्याकाळची गाडी असेल तर पहाटे घाई करून सीएसएमटीच्या फलाटावर ताटकळण्यापेक्षा टर्मिनलमध्येच चहा घेत बसा आणि मेट्रो सुरू झाली की निघा.