पदर आला म्हणजे नेमकं काय झालं?

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खान्देशात सासुरवाशिणी माहेरी येतात, गौराई बसते, निंबाला झोके बांधले जातात. त्या झोक्यांवर दहावीसुद्धा न झालेल्या, पण गळ्यात मंगळसूत्र असलेल्या पोरीही दिसतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21 च्या फेरीत महाराष्ट्रातल्या 20 ते 24 वयाच्या बायकांपैकी 21.9 टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. धुळे जिल्ह्यात हा आकडा 40 टक्क्यांच्या आसपास. कोवळ्या वयातलं बाळंतपण म्हटलं की आपण चोरून भेटणाऱ्या पोरापोरींकडे बोट दाखवतो. पण बरीचशी बाळंतपणं मांडव घालून, पंगती उठवून आपणच ठरवलेली असतात.

मुळाशी एक जुना समज आहे: पदर आला, म्हणजे पाळी सुरू झाली, की पोरगी लग्नाला आली. शरीराचा हिशेब वेगळा आहे. पाळी सुरू होते तेव्हा उंची वाढण्याचा जोर ओसरत आलेला असतो, पण कमरेची हाडं मागे रेंगाळतात. बाळ ज्या वाटेनं बाहेर येतं ती वाट पुढची काही वर्षं रुंदावत राहते. वरून पोरगी आईएवढी दिसते, आतली चौकट अजून तयार व्हायची असते. त्यात तिचं स्वतःचं अंग वाढत असतं. पोटात बाळ आलं की एकाच ताटात दोघं जेवायला बसतात. आधीच रक्त कमी असेल तर दोघांचीही उपासमार. गरोदरपणात रक्तदाब वाढून झटके येणं, बाळ कमी वजनाचं जन्मणं, हे धोके या वयात जास्त. सातपुड्याच्या पट्ट्यात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे, तिथं तर आधी रक्ततपासणी हवीच.

आणखी एक गैरसमज मुलींमध्येच फिरतो: ‘पाळी अजून नीट येत नाही, मग काही होत नाही.’ सुरुवातीच्या एक-दोन वर्षांत बऱ्याचदा बीज सुटत नाही हे खरं, पण कधी सुटेल याचा नेम नाही. क्वचित ते पहिल्या पाळीआधीही सुटतं. त्यामुळे दिवस मोजणं निव्वळ जुगार.

घरात या सगळ्याबद्दल एकच वाक्य बोललं जातं: ‘आता जपून राहा.’ कशापासून, ते आई सांगत नाही, कारण तिलाही कुणी सांगितलं नव्हतं. पोराला तर तेवढंही नाही! माहिती दिली की पोरं बिघडतात ही भीती मी नेहमी ऐकते. जगभरच्या अभ्यासांचा युनेस्कोने घेतलेला आढावा मात्र सांगतो की लैंगिक शिक्षणामुळे संबंध लवकर सुरू होत नाहीत. त्यासाठी समोर बसवून भाषण द्यायला नको. कापूस वेचताना, भाकरी थापताना, पाच-पाच मिनिटं पुरतात. आईला जमत नसेल तर आशाताई आहेत, सरकारी दवाखान्यातलं, वयात येणाऱ्या पोरापोरींसाठीचं मैत्री क्लिनिक आहे. आणि गावात लग्नाचं घाटत असेल तर चाइल्डलाइनच्या 1098 वर कुणीही फोन करू शकतो. बालविवाह रोखण्याची जबाबदारी खुद्द ग्रामसेवकावर आहे.

एक वाक्य मात्र वेळेआधीच सांगून ठेवावं: ‘पाळी चुकली तर आधी मला सांग, मी ओरडणार नाही.’ गर्भपाताच्या कायद्यातल्या 2021 च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलीचा गर्भपात 24 आठवड्यांपर्यंत कायदेशीर आहे, पण पालकाची लेखी संमती लागते. घाबरलेली पोरगी गप्प बसते, ते आठवडे यातूनच वजा होत जातात.