नीलक्कुयिल

नीलक्कुयिल (1954) : मल्याळम भाषेतील कृष्णधवल प्रेमकथापट. दिग्दर्शक पी. भास्करन आणि रामू करियात. कथा उरूब यांची, छायालेखन ए. व्हिन्सेंट यांचे, संगीत के. राघवन यांचे. कोचीचे टी. के. परीकुट्टी यांनी चंद्रतारा या आपल्या संस्थेतर्फे तो काढला. सत्यन, मिस कुमारी, प्रेमा आणि स्वतः भास्करन यांच्या प्रमुख भूमिका असलेला हा चित्रपट 22 ऑक्टोबर 1954 रोजी प्रदर्शित झाला. नावाचा अर्थ निळी कोकिळा. नायिकेचे नाव नीली, त्यामुळे शीर्षकात तीही आलीच.

नीली ही पुलयर जातीची शेतमजूर मुलगी. भातशेतीवर राबणाऱ्या या जातीला केरळात नुसता स्पर्शच निषिद्ध नव्हता. सवर्णापासून किती पावले दूर उभे राहायचे, याचेही ठरलेले माप होते. रस्त्यावरून चालण्याच्या हक्कासाठी पुलयांचे नेते अय्यंकाळी यांनी 1893 मध्ये बैलगाडी हाकत सार्वजनिक रस्त्यावर नेली होती. त्रावणकोर संस्थानातली देवळे सर्व जातींच्या हिंदूंना खुली झाली ती 1936 साली. चित्रपट आला तेव्हा या गोष्टीला अठरा वर्षे झाली होती, पण घराचा उंबरठा आणि लग्नाचा मांडव अजून खुले झाले नव्हते. अस्पृश्यतेला गुन्हा ठरवणारा केंद्राचा कायदाही पुढच्या वर्षीचा, 1955 चा.

पावसाच्या एका रात्री नीली श्रीधरन नायर या शाळामास्तरच्या घरी आसरा घेते. दोघांचे प्रेम जमते, नीलीला दिवस जातात. लग्नाची वेळ येते तेव्हा मास्तर कच खातो. तो शिकलेला आहे, मनाने वाईट नाही, नीलीवर त्याचा जीवही आहे. पण जातीबाहेर पडायची हिंमत त्याच्यात नाही. तो सवर्ण घरातल्या नलिनीशी लग्न करतो. नीलीला तिचे घर आणि जात दोन्ही बाहेर काढतात. बाळाला जन्म देऊन ती मरते. रेल्वेरुळांजवळ तिचे प्रेत आणि शेजारी जिवंत मूल सापडते. मुलाला हात लावायला कोणी पुढे येत नाही. येतो तो शंकरन नायर, गावचा पोस्टमन. तो मुलाला उचलून घरी नेतो, मोहन असे त्याचे नाव ठेवतो आणि गावाच्या नाकावर टिच्चून त्याला वाढवतो. इकडे मास्तरला नलिनीपासून मूल होत नाही. आपले रक्ताचे पोर त्याच गावात दुसऱ्याच्या घरी वाढताना पाहत राहणे, एवढेच त्याच्या वाट्याला येते. शेवटी तो मुलाला आपले म्हणतो, नलिनीही त्याला स्वीकारते. मूल हवाली करताना पोस्टमन बजावतो की याला नायर म्हणून वाढवू नका, पुलया म्हणून नको, मापिळा (केरळी मुसलमान) म्हणूनही नको. माणूस म्हणून वाढवा.

चित्रपटाचे मर्म या पोस्टमनमध्ये आहे, आणि ती भूमिका भास्करन यांनी स्वतः केली हे सूचक वाटते. मास्तर आणि पोस्टमन दोघेही नायर, एकाच गावातले. जात दोघांना सारखीच आडवी येते. एक थबकतो, दुसरा ओलांडतो. भाषणबाजी न करता हा फरक दाखवायला पोस्टमन हा पेशा नेमका सापडला आहे. खेड्यात जात न पाहता प्रत्येक दारी जायचे काम असलेला दुसरा माणूस कोण असणार? कोकिळेचे पिल्लू दुसऱ्याच्या घरट्यात वाढते, हा शीर्षकाचा दुसरा अर्थही याच घरापाशी उलगडतो.

उणिवाही इथेच आहेत. नीली अर्ध्या वाटेवर मरते आणि पुढची कथा मास्तरच्या पश्चात्तापाची होते. तिचे आईबाप, तिची वस्ती हळूहळू पडद्यावरून नाहीशी होतात. जिच्यावर अन्याय झाला तिला न्याय मिळत नाही. ज्याने केला त्याला मात्र मोकळे होता येते. हा आक्षेप आजच्या प्रेक्षकाला सुचणे साहजिक आहे आणि तो खोडून काढण्यासारखा नाही. त्या काळच्या सुधारणावादी चित्रपटांची ही सर्वसाधारण मर्यादाच होती.

याला मल्याळम चित्रपटाच्या आरंभीचा एक प्रसंग जोडून पाहावा लागतो. जे. सी. डॅनियल यांच्या पहिल्या मल्याळम मूकपटात पी. के. रोझी या दलित मुलीने नायर स्त्रीची भूमिका केली. तिरुवनंतपुरममध्ये तो दाखवला गेला तेव्हा सवर्ण प्रेक्षक खवळले, पडद्यावर दगड पडले आणि रोझीला गाव सोडून परागंदा व्हावे लागले. त्यानंतर पाव शतक उलटले आणि पुलया नायिकेची कथा लोकांनी डोक्यावर घेतली. मात्र ती भूमिका ख्रिस्ती घरातल्या मिस कुमारी यांनी केली होती. नायर मास्तर झालेले सत्यन हेही जन्माने नायर नव्हते, ख्रिस्ती नाडर होते. पडद्यावर जात बदलण्याची मुभा मिळाली होती, पण दलित मुलीला पडद्यावर जागा मिळाली, असे काही म्हणता येत नाही.

त्याआधीचे मल्याळम चित्रपट बरेचसे उसनवारीवर चालत. पहिला बोलपट ‘बालन’ (1938) निघाला तो तमिळ मुलखातल्या सेलममध्ये, मॉडर्न थिएटर्सच्या स्टुडिओत. गाण्यांच्या चाली तर हिंदी आणि तमिळ चित्रपटांतून सरळ उचलून त्यांवर मल्याळम शब्द बसवत. ‘नीलक्कुयिल’चे मोठेपण आधी इथे शोधावे. गावातली बोली, चहाचे दुकान, शेत, पाणी हे केरळचे आहे हे पाहताक्षणी कळते, आणि त्याहूनही आधी कानाला कळते.

के. राघवन मूळचे तलश्शेरीच्या मच्छीमार समाजातले आणि आकाशवाणीवर नोकरी करणारे. लोकगीते आणि मापिळा मुसलमानांची गाणी त्यांच्या कानात होती. ती त्यांनी थेट चित्रपटात आणली. यातले सर्वांत गाजलेले गाणे खाडीकाठी जाळे टाकणाऱ्याचे आहे, आणि ते राघवन यांनी स्वतःच गायले. भास्करन यांच्या शब्दांतली गंमत मराठी वाचकाला भाषांतरावाचून कळेल. मल्याळममध्ये ‘वल’ म्हणजे जाळे आणि ‘वळ’ म्हणजे बांगडी. नायक वल टाकतो, सुंदरी वळ किणकिणवते, आणि कोण कोणाच्या जाळ्यात सापडले ते ‘ल’ आणि ‘ळ’ यांतल्या फरकावर सोडून दिलेले आहे. ज्या भाषांत ‘ळ’ नाही त्या या ओळीच्या निम्म्या स्वादाला कायमच्या मुकल्या.

दुसरे एक गाणे जानम्मा डेव्हिड यांच्या आवाजात आहे. सगळे म्हणतात याच्या उरात काळा कातळ आहे. मी हात लावून पाहिला तर निळ्या उसाचे कांडे निघाले, अशा अर्थाचे. शेतात राबणाऱ्या मुलीला सुचावी अशीच ही उपमा, चंद्र-कमळाच्या ठरीव साच्यातली नव्हे. पुढे काय होणार हे ठाऊक असलेल्या प्रेक्षकाला हे गाणे जड जाते, कारण लोक म्हणत होते ते खरे ठरते. कोळिकोड अब्दुल खादर, मेहबूब, शांता पी. नायर हे इतर गायक. या गाण्यांनंतर परक्या चाली घेण्याची पद्धत एका दिवसात थांबली नाही. पण आपल्या चालींवर चित्रपट चालतो, हे निर्मात्यांना दिसले.

चित्रपटामागची माणसे कुठली होती हेही पाहण्यासारखे आहे. तेव्हा केरळ राज्य नव्हते. दक्षिण आणि मध्य भाग त्रावणकोर-कोचीन राज्यात होता, उत्तरेचा मलबार मद्रास राज्यात. उरूब मलबारमधल्या पोन्नानीचे, व्हिन्सेंट कोळिकोडचे, राघवन तलश्शेरीचे; भास्करन कोचीनच्या मुलखातल्या कोडुंगल्लूरचे; सत्यन आणि मिस कुमारी त्रावणकोरचे. ऐक्य केरळची मागणी जोरात होती आणि 1 नोव्हेंबर 1956 रोजी ती पुरी झाली. संयुक्त महाराष्ट्रासाठी आणखी चार वर्षे झगडलेल्या मराठी माणसाला त्या दिवसांतली हवा वेगळी समजावून सांगायला नको. भास्करन आणि करियात दोघेही डाव्या विचारांचे. पुन्नप्रा-वायलारच्या 1946 च्या कम्युनिस्ट उठावावर भास्करन यांनी कविता लिहिली होती, तर सत्यन चित्रपटात येण्यापूर्वी त्याच आलप्पुळ भागात पोलीस अधिकारी होते. एका सेटवर हे दोघे पोस्टमन आणि मास्तर म्हणून समोरासमोर उभे राहिले.

1954 च्या चित्रपटांसाठी भाषावार राष्ट्रपती रौप्यपदके प्रथमच देण्यात आली. त्यांतले मल्याळमचे पदक ‘नीलक्कुयिल’ला मिळाले, मल्याळम चित्रपटाचा राष्ट्रीय पातळीवरचा हा पहिलाच असा मान. त्याच वर्षी मराठीचे रौप्यपदक आचार्य अत्रे यांच्या ‘महात्मा फुले’ला मिळाले. आदल्या वर्षी अत्र्यांच्याच ‘श्यामची आई’ने सुवर्णपदक पटकावले होते, त्यामुळे मराठीत रौप्यपदकाची तेवढी आठवण राहिली नाही. पण जातिभेदावर बोट ठेवणारे दोन भाषांतले दोन चित्रपट एकाच यादीत आले, याची नोंद घ्यायला हवी.

पुढे दोन्ही दिग्दर्शकांच्या वाटा वेगळ्या झाल्या. करियात यांनी 1965 मध्ये ‘चेम्मीन’ काढला. त्यातही जात-धर्माच्या भिंतीशी झुंजणारे प्रेम आहे, या वेळी रंगीत आणि समुद्राकाठी. त्याला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले. भास्करन दिग्दर्शन करत राहिले, पण केरळच्या मनात ते आधी गीतकार म्हणून आहेत. व्हिन्सेंट पुढे स्वतः दिग्दर्शक झाले. राघवन यांना 2010 मध्ये पद्मश्री मिळाली आणि 2013 मध्ये, शंभरीला काही आठवडे उरले असताना, त्यांचे निधन झाले. मिस कुमारी 1969 मध्ये आणि सत्यन 1971 मध्ये, दोघेही अकाली गेले. आणि पोस्टमनच्या घरात वाढलेला छोटा मोहन, म्हणजे बालकलाकार विपिन मोहन, मोठेपणी कॅमेऱ्याच्या मागे जाऊन मल्याळम चित्रपटांचा छायालेखक झाला.