विष उपसणाऱ्या नलिका

कर्करोगावर आणि संधिवातावर दिले जाणारे मेथोट्रेक्झेट हे औषध पेशीला डीएनए घडवण्यासाठी लागणाऱ्या फोलेटची वाट अडवते, आणि म्हणूनच झपाट्याने विभागणाऱ्या पेशींना ते मारक ठरते. हेच औषध फळमाशीच्या अन्नात मिसळले, तर तिच्या माल्पिघी नलिका, म्हणजे आपल्या मूत्रपिंडांचे काम करणाऱ्या चार बारीक नळ्या, ते रक्तातून उचलून मूत्रात टाकू लागतात. असे अन्न खाल्लेल्या माशीत संबंधित वाहक प्रथिनांची, म्हणजे रेणू पेशीपटलापलीकडे नेणाऱ्या प्रथिनांची, जनुके अधिक सक्रिय होतात आणि उपशाचा वेगही वाढतो, हे विशेष.

हा वेग मोजण्याची रीत मोठी देखणी आहे. माशीतून अलगद काढलेली नलिका तेलाखालच्या क्षारद्रावणाच्या थेंबात ठेवतात, तिचे एक टोक थेंबाबाहेर ओढून बारीक टाचणीला गुंडाळतात, आणि पाझरून जमणाऱ्या सूक्ष्म थेंबात किती औषध आले ते तपासतात.

औषध उपसण्याचे काम करणाऱ्या या वाहक प्रथिनांपैकी अनेक एबीसी या मोठ्या कुळातली आहेत. पेशीपटलात रुतलेले असे प्रथिन एटीपी या पेशीतल्या इंधन-रेणूची ऊर्जा खर्चून आपला आकार बदलते आणि पकडलेला रेणू पलीकडे सोडते. त्यांतले पी-ग्लायकोप्रोटीन १९७६ मध्ये औषधाला न जुमानणाऱ्या हॅमस्टरच्या पेशींत सापडले. एकमेकांशी फारसे साम्य नसलेले कितीतरी रेणू ते ओळखते. त्यामुळे पूर्वी कधी न भेटलेले औषधही बाहेर जाऊ शकते. तंबाखूची पाने खाणारी शिंगाळी अळी निकोटीन पचवते, त्यामागेही माल्पिघी नलिकांतला असाच उपसा आहे. अर्थात विषाचा लोंढा मोठा असेल, तर पंप अपुरे पडतात.

मात्र वाहक प्रथिने नेहमीच कीटकाच्या बाजूने असतात असे नाही. २०१७ मध्ये विदर्भातील कापसाचे अतोनात नुकसान करणाऱ्या गुलाबी बोंडअळीचे उदाहरण याच्या नेमके उलट आहे. बीटी कापसातील क्राय२एबी हे विषारी प्रथिन अळीच्या आतड्यात घात करते, तेव्हा तिथल्या एबीसीए२ या वाहक प्रथिनाचा त्याला आधार लागतो. भारतातील शेतांतून गोळा केलेल्या प्रतिकारक्षम अळ्यांत या प्रथिनाचे जनुकच बिघडलेले आढळले. फवारणीच्या रसायनापुढे पंप जोमात चालणे अळीच्या फायद्याचे असू शकते. क्राय२एबीपुढे मात्र एबीसीए२ निकामी असलेलीच अळी तगते.