‘गदर’: राजरोस छापलेले, चोरून वाचलेले

‘गदर’ (म्हणजे बंड) या अमेरिकेतल्या हिंदुस्थानी क्रांतिकारकांच्या वृत्तपत्राला भूमिगत पत्र म्हणतात ते अर्धेच खरे. सॅन फ्रान्सिस्कोत ते राजरोस छापले जाई. लपवाछपवी करावी लागे ती हिंदुस्थानात वाचणाऱ्याला.

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर लाकूड गिरण्यांत आणि शेतांवर राबणाऱ्या पंजाब्यांनी १९१३ मध्ये संघटना उभारली. त्यात इंग्रजी पलटणीतून बाहेर पडलेले जवानही होते. अध्यक्ष सोहनसिंग भकना, चिटणीस लाला हरदयाळ. १ नोव्हेंबर १९१३ रोजी या संघटनेच्या ‘गदर’चा पहिला उर्दू अंक निघाला, पाठोपाठ गुरुमुखी आवृत्ती आली. छापखान्यात राबणारा कर्तारसिंग सराभा तेव्हा १७ वर्षांचा होता.

शीर्षकाखालीच ‘अंग्रेजी राज का दुश्मन’ असे छापलेले. ‘शूर शिपाई पाहिजेत’ ही त्यातली जाहिरात तर प्रसिद्धच आहे: पगार मृत्यू, बक्षीस हौतात्म्य, पेन्शन स्वातंत्र्य, कामाचे ठिकाण हिंदुस्थान. माजी सैनिकांना नोकरीच्या जाहिरातीचीच भाषा वापरून हाक देणारा संपादक कसलेला म्हणायचा!

अंक फुकट असे. हाँगकाँग, सिंगापूर, मनिला इथल्या हिंदुस्थानी वस्त्यांत आणि छावण्यांत तो पोचे. हिंदुस्थानात सरकारने टपालातच अडवायला सुरुवात केल्यावर कात्रणे खासगी पत्रांतून जाऊ लागली.

मात्र उघडपणाची किंमतही मोजावी लागली. १९१४ मध्ये पहिले महायुद्ध पेटताच ‘मायदेशी चला, बंड करा’ असे पत्राने जाहीरच केले. ते पोलिसांनीही वाचले आणि परतणाऱ्यांची धरपकड थेट बंदरावर सुरू झाली. जे निसटले त्यांत पुणे जिल्ह्यातल्या तळेगाव ढमढेरेचे विष्णु गणेश पिंगळे होते. गदरवाल्यांनी आखलेला फेब्रुवारी १९१५ चा उठाव फितुरीने फसला, तरी ते मागे हटले नाहीत. मार्चमध्ये मेरठच्या घोडदळाच्या छावणीत बॉम्बसह पकडले गेले आणि १६ नोव्हेंबर १९१५ रोजी लाहोरच्या तुरुंगात सराभासह फासावर चढले. त्या दिवशी एकूण सात जणांना फाशी झाली.

हरदयाळ १९१४ मध्येच अटकेनंतर अमेरिका सोडून गेले होते. संपादकपद रामचंद्रांकडे आले, आणि पैशांवरून, नेतृत्वावरून तट पडले. युद्धात इंग्रजांचा शत्रू असलेल्या जर्मनीशी संधान बांधल्याचा खटला गदरवाल्यांवर सॅन फ्रान्सिस्कोत चालला. एप्रिल १९१८ मध्ये, कामकाजाच्या शेवटच्या दिवशी, रामसिंग या सहआरोपीने भर कोर्टात रामचंद्रांना गोळी घातली. क्षणात मार्शलने, म्हणजे कोर्टातल्या सशस्त्र अधिकाऱ्याने, त्यालाही टिपले.