इराणचा गॅस, कतारचा गॅस: साठा एकच, हिशेब दोन

पऱ्हाटीला द्यायची युरियाची 45 किलोची बॅग कृषी केंद्रात 266 रुपये 50 पैशांना मिळते. ती तयार व्हायला किती गॅस जळतो, याचा हिशेब सोपा आहे. चांगल्या चालणाऱ्या कारखान्यात एक टन युरियाला साधारण साडेपाच गिगाकॅलरी उष्णता लागते. 45 किलोला ती पाव गिगाकॅलरीच्या आसपास येते, आणि गॅसच्या बाजारात जे माप चालतं, एमएमबीटीयू, ते नेमकं तेवढंच भरतं. म्हणजे एक बॅग युरिया आणि एक एमएमबीटीयू गॅस, ही जोडी लक्षात ठेवायला हरकत नाही. परदेशी गॅस दहा डॉलरला पडला आणि डॉलर 85 रुपयांचा धरला, तर बॅगेतल्या नुसत्या गॅसचेच 850 रुपये झाले. मधला फरक केंद्र सरकार अनुदानातून भरतं.

हा परदेशी गॅस सर्वांत जास्त येतो कतारहून. यावर पारावर हमखास निघणारा प्रश्न असा की इराण कतारपेक्षा मोठा, त्याचा गॅसचा साठाही मोठा, आपल्याशी संबंध जुने, मग गॅस त्या एवढ्याशा कतारहून कशाला? प्रश्न रास्त आहे. उत्तरात गोंधळ होतो, कारण ‘या देशाकडे एवढा गॅस आहे’ या एका वाक्यात चार वेगळे आकडे मिसळले जातात. ते विहिरीवर समजतात तसे कागदावर समजत नाहीत. विहिरीला पाणी किती, मोटर दिवसाला किती उपसते, घरच्या वावराला किती लागतं, आणि एवढं होऊन शेजाऱ्याला द्यायला किती उरतं.

एका धुऱ्याच्या दोन बाजू

मौज अशी की इराण आणि कतार यांचा मोठा साठा वेगवेगळा नाहीच. पर्शियाच्या आखातात समुद्रतळाच्या सुमारे तीन किलोमीटर खाली चुनखडीचा एकच विशाल थर आहे आणि सागरी हद्द त्याच्या डोक्यावरून जाते. एकूण सुमारे 9,700 चौरस किलोमीटरपैकी 6,000 कतारकडे येतात, 3,700 इराणकडे. कतार त्याला नॉर्थ फील्ड म्हणतो, इराण साउथ पार्स. बातमीत ही दोन नावं दोन क्षेत्रं असल्यासारखी येतात. प्रत्यक्षात तो जगातला सर्वांत मोठा सलग वायूसाठा आहे.

धुऱ्याच्या दोन्ही बाजूंना एकाच झऱ्यावर विहिरी असल्या की काय होतं हे कास्तकाराला सांगावं लागत नाही. ज्याची मोटर आधी बसली आणि जास्त चालली, त्याच्याकडे पाणी ओढलं जातं. गॅसचं तसंच आहे, फक्त खडकाच्या बारीक छिद्रांतून सरकायचं असल्याने गती मंद. कतारच्या बाजूला साठा 1971 मध्ये सापडला आणि उत्पादन 1990 च्या सुमारास सुरू झालं. इराणने आपली बाजू 1990 मध्ये शोधली, गॅस निघायला 2002 उजाडलं. दहा-बारा वर्षांची ही आघाडी पुढे भरून निघाली नाही. कतारने तर 2005 मध्ये स्वतःहून नव्या प्रकल्पांना थांबा दिला होता, साठ्याला किती उपसा सोसतो ते तपासण्यासाठी. तो थांबा 2017 मध्ये उठला.

या क्षेत्राबाहेरही इराणकडे बरीच क्षेत्रं आहेत, म्हणून देश म्हणून त्याचा साठा मोठा दिसतो: सुमारे 32 ट्रिलियन घनमीटर, रशियाखालोखाल दुसरा. कतारचा सुमारे 24.7 ट्रिलियन, तिसरा. आपला भारत सव्वा ट्रिलियनच्या आसपास. आपल्या हिशेबात एक ट्रिलियन म्हणजे एक लाख कोटी.

आता उपसा आणि घरचा खर्च. पुढचे आकडे 2023 सालचे आहेत आणि गोळाबेरीज करून दिले आहेत. इराणने वर्षाला 250 अब्ज घनमीटर गॅस काढला आणि त्यातला 245 अब्ज स्वतःच वापरला. तुर्कस्तान आणि इराकला नळाने थोडा जातो, निर्यात जवळपास तेवढीच. कतारने 180 अब्ज काढला आणि घरी लागला 40 च्या आसपास. म्हणजे जास्त काढणाऱ्याकडे विकायला जवळपास काही नाही, आणि कमी काढणाऱ्याकडे तीन चतुर्थांशाहून जास्त माल शिल्लक.

इराणचा गॅस जातो कुठे

नऊ कोटींच्या आसपास लोकसंख्या आणि घरोघरी नळ. इराणने खेड्यापाड्यांत गॅसच्या नळांचं जे जाळं विणलं, ते थक्क करणारं आहे. बहुतेक सगळी लोकसंख्या नळाच्या गॅसवर आहे, दर नाममात्र, आणि डोंगराळ भागातली थंडी कडाक्याची. हिवाळ्यात घरं तापवण्यात इतका गॅस जातो की वीजकेंद्रांना तोडावा लागतो. मग ती केंद्रं मझूत नावाचं जाड, गंधकयुक्त तेल जाळतात आणि शहरांवर धूर बसतो. डिसेंबर 2024 मध्ये गॅस आणि विजेच्या टंचाईमुळे तिथे सरकारी कचेऱ्या आणि शाळा बंद ठेवाव्या लागल्या. जगात दुसऱ्या क्रमांकाचा साठा असलेल्या देशात! साठ्याचा आकडा एकटा वाचणाऱ्याला हे पटत नाही. उपसा आणि खर्च शेजारी ठेवला की त्यात नवल उरत नाही.

त्यात गॅस दक्षिणेला आणि थंडी उत्तरेला. म्हणून 1997 पासून इराण उत्तर भागासाठी तुर्कमेनिस्तानकडून गॅस विकतही घेत आला आहे, कधी कराराने, कधी भांडून. शिवाय जुन्या तेलविहिरींचा दाब टिकवायला बराच गॅस पुन्हा जमिनीत सोडावा लागतो, तो या 250 अब्जांत मोजलेला नाही.

खरी अडचण पुढे आहे. साउथ पार्सवर इराणचं दोन तृतीयांशाहून जास्त उत्पादन उभं आहे आणि त्याचा दाब उतरतोय. विहिरीतलं पाणी खाली गेलं की मोटर खोल सोडावी लागते, तसे इथे समुद्रात दाब वाढवणारे प्रचंड कॉम्प्रेसर बसवावे लागतात. ते पेलणाऱ्या एकेका मंचाचं वजन 20,000 टनांच्या घरात. हे काम करू शकणाऱ्या कंपन्या जगात मोजक्या, आणि निर्बंधांमुळे त्या इराणमध्ये येत नाहीत. फ्रान्सच्या टोटाल कंपनीने साउथ पार्सच्या फेज 11 साठी, म्हणजे अकराव्या टप्प्यासाठी, करार केला होता. 2018 मध्ये अमेरिकेचे निर्बंध परत आले आणि ती निघून गेली. त्या फेजमधून गॅस निघाला थेट ऑगस्ट 2023 मध्ये, आणि तो इराणने स्वतःच्या बळावर काढला.

कतारने विकला काय

जमिनीखाली जेवढा गॅस इराणकडे आहे, तेवढा कतारकडे नाही. कतारकडे आहे तो थंड करण्याचा कारखाना. लोकसंख्या तीस लाखांच्या आसपास, त्यामुळे घरचा खर्च थोडा. बाकीचा रास लफ्फान बंदरात उणे 162 अंशांपर्यंत थंड केला जातो. तिथे त्याचं द्रवात रूपांतर होतं आणि आकारमान सुमारे 600 पटींनी आकसतं. यालाच एलएनजी म्हणतात. थंड करण्याआधी सफाई कडक लागते. कार्बन डायऑक्साइड राहिला तर बर्फासारखा गोठून नळ्या बुजवतो, पाणी राहिलं तर तेच, आणि पारा राहिला तर ॲल्युमिनियमचे उष्णता-विनिमयक खाऊन टाकतो. एवढं साधल्यावर मग थर्मासासारख्या टाक्यांची जहाजं. कतारच्या सर्वांत मोठ्या जहाजांत 2,66,000 घनमीटर द्रव मावतो.

कतारची क्षमता वर्षाला 77 दशलक्ष टन एलएनजीची, म्हणजे गॅसच्या रूपात 105 अब्ज घनमीटरच्या आसपास. आणखी 20 अब्ज घनमीटर 2007 पासून समुद्राखालच्या डॉल्फिन वाहिनीने अमिरातीला आणि तिथून ओमानला जातो. काही गॅसपासून डिझेलसारखं द्रव इंधन बनवतात. 180 मधून 40 वजा जाता उरलेल्याचा मेळ असा बसतो.

इराणनेही आपल्या किनाऱ्यावर टोम्बकला एलएनजीचा कारखाना उभारायला घेतला होता. निर्बंधांमुळे यंत्रं आणि तंत्रज्ञ थांबले आणि तो अर्धवट राहिला. मग राहिला नळ. इराण-पाकिस्तान-भारत वाहिनीची चर्चा वर्षानुवर्षं चालली. दराचा वाद आणि वाटेतला पाकिस्तान, यात 2009 च्या सुमारास भारत बाजूला झाला. फर्झाद-बी हे इराणचं गॅसक्षेत्र तर आपल्या ओएनजीसी विदेश या सरकारी कंपनीच्या गटाने 2008 मध्ये शोधलं होतं. ते 2021 मध्ये इराणने आपल्याच पेट्रोपार्स कंपनीला दिलं.

कतारशी मात्र पेट्रोनेट एलएनजी या आपल्या कंपनीचा करार 1999 मध्ये झाला आणि 2004 मध्ये गुजरातमधल्या दहेजला माल उतरू लागला. वर्षाला 75 लाख टन. फेब्रुवारी 2024 मध्ये तो 2028 नंतरच्या वीस वर्षांसाठी वाढवला गेला. एक धोका मात्र या व्यवहाराला कायम चिकटलेला आहे. कतारचं प्रत्येक एलएनजी जहाज आखाताच्या अरुंद तोंडातून, होर्मुझच्या सामुद्रधुनीतून, येतं, आणि तिच्या उत्तर काठावर इराण आहे.

आकडे वाचताना लागणाऱ्या ठेचा

‘हा साठा 130 वर्षं पुरेल’ असं वाक्य दिसलं की ते भागाकाराने काढलं आहे हे ओळखावं. इराणचे 32 ट्रिलियन भागिले 250 अब्ज, 128 वर्षं. कतारचं उत्तर 137. या भागाकारात दाब उतरणं नाही, मागणी वाढणं नाही, पैसा तर नाहीच. त्या हिशेबाने इराणमध्ये टंचाई यायलाच नको होती.

दुसरी ठेच घनफूट आणि घनमीटरची. 1 घनमीटर म्हणजे 35.3 घनफूट. एका बातमीत घनमीटर, दुसरीत घनफूट, आणि दोन्हींत ‘ट्रिलियन’ हाच शब्द, की पस्तीस पटींची चूक सहज होते.

तिसरी, सापडला म्हणजे निघाला असं नाही. कृष्णा-गोदावरी खोऱ्यातला केजी-डी6 साठा 2002 मध्ये सापडला, एप्रिल 2009 मध्ये उत्पादन सुरू झालं. लक्ष्य होतं दिवसाला 8 कोटी घनमीटर. 2010 मध्ये कसाबसा 6 कोटींवर पोहोचून उपसा घसरत गेला. विहिरींत पाणी आणि वाळू शिरली होती. 2023-24 मध्ये आपलं देशातलं उत्पादन 36 अब्ज घनमीटर, वापर 67-68 अब्ज. जवळपास निम्मा गॅस बाहेरून, आणि देशातल्या एकूण गॅसचा सर्वांत मोठा गिऱ्हाईक खत कारखाने.

आणि एक घरातला गोंधळ. सिलिंडरमधला गॅस हा हा गॅस नव्हे. सिलिंडरमध्ये प्रोपेन-ब्युटेन असतो, थोड्या दाबाने द्रव होतो, गळला तर जमिनीलगत साचतो. नैसर्गिक वायू म्हणजे मुख्यतः मिथेन, हवेपेक्षा हलका, छताकडे जातो. गोबरगॅस त्याचा सख्खा भाऊ, त्यातही 55-60 टक्के मिथेनच. म्हणून सिलिंडरची शेगडी गोबरगॅसला जशीच्या तशी जोडली तर ज्योत मरतुकडी लागते, जेटचं भोक मोठं करावं लागतं. उलट मोठ्या जेटच्या शेगडीला सिलिंडर जोडला तर पिवळी भडक ज्वाळा उठते, ते करूच नये. नातं एवढंच की कतारच्या गॅसमध्ये प्रोपेन-ब्युटेनही मिसळलेले निघतात. ते वेगळे काढून विकले जातात, आणि आपला निम्म्याहून जास्त एलपीजी बाहेरून, मुख्यतः आखातातून येतो.

राहिला नागपूरचा सीएनजी, म्हणजे गाड्यांत दाबून भरलेला हाच नैसर्गिक वायू. मार्च 2022 मध्ये तो किलोला 120 रुपये होता, देशात सर्वांत महाग, मुंबईच्या जवळपास दुप्पट. गॅस तोच. मुंबईला तो नळाने पोहोचत होता. नागपूरला द्रवरूपात टँकरने, गुजरातच्या किनाऱ्यावरून शेकडो किलोमीटर रस्त्याने, आणि पंपावर तो पुन्हा वायू करून भरावा लागत होता. जहाज कतारहून दहेजला तीन-चार दिवसांत येतं. महाग पडत होता तो दहेजच्या पुढचा रस्ता. गेलची मुंबई-नागपूर-झारसुगुडा वाहिनी समृद्धी महामार्गाच्या कडेने टाकण्याचं काम हाती घेतलं गेलं ते याच रस्त्याला पर्याय म्हणून.