साखर आईची, जनुके तिघांची

गरोदरपणात साखर वाढलेली निघाली की पहिला प्रश्न ठरलेला: ‘गोड फार खाल्लंस का?’ विचारणाऱ्याच्या मनात वाईट नसते, पण बिचारीला उगाच अपराधी वाटते. जगात दर 6 बाळंतपणांमागे साधारण एकात साखर वाढलेली आढळते. वय, वजन आणि आहार यांचा त्यात वाटा आहेच. तरीही एकाच वयाच्या, एकाच वजनाच्या दोघींपैकी एकीचीच साखर का चढते, याचे उत्तर शोधायला स्वादुपिंडातल्या बीटा पेशींपर्यंत जावे लागते.

गरोदरपणाच्या उत्तरार्धात वारेतून येणारी संप्रेरके आईच्या शरीराला इन्सुलिनकडे काणाडोळा करायला लावतात. हा बिघाड नव्हे, ही निसर्गाची सोय आहे: आईच्या पेशींनी कमी साखर उचलली की बाळाच्या वाट्याला जास्त उरते. मात्र साखर आटोक्यात ठेवायची तर बीटा पेशींना एरवीच्या दुपटीहून अधिक इन्सुलिन तयार करावे लागते. बहुतेकींच्या पेशींना ते जमते. ज्यांच्या पेशींची कुवत मुळातच बेताची असते, त्यांची साखर वर जाते, आणि ही कुवत बरीचशी जनुकांवर ठरते.

कोरियातल्या स्त्रियांचा अख्खा जनुकसंच चाळून 2012 मध्ये संशोधकांनी गरोदरपणातल्या मधुमेहाशी जोडलेल्या दोन ठळक जागा दाखवल्या: सीडीकेएएल1 आणि एमटीएनआर1बी. दुसरे जनुक मेलाटोनिनचा, म्हणजे रात्री स्रवणाऱ्या संप्रेरकाचा, ग्राही (पेशीवरचा त्याचा संदेश टिपणारा रेणू) बनवते. झोपेच्या संप्रेरकाचे साखरेशी काय नाते, असे वाटेल. पण हे ग्राही बीटा पेशींवरही असतात आणि मेलाटोनिन तिथे इन्सुलिनला लगाम घालते. या जनुकात एका जागी ‘सी’ऐवजी ‘जी’ हे डीएनएचे अक्षर असेल तर ग्राही जास्त बनतात आणि साखर पोटात गेल्यावर इन्सुलिनचा जो पहिला लोंढा यायला हवा तो तोकडा पडतो. हा ‘जी’ अजिबात दुर्मीळ नाही. एरवी त्याचा फारसा उपद्रवही होत नाही. टाइप 2, म्हणजे नेहमीच्या, मधुमेहापेक्षा गरोदरपणातल्या मधुमेहाशी त्याचे नाते अधिक घट्ट आहे.

फिनलंडमधल्या 12,332 रुग्ण स्त्रियांच्या माहितीवरून 2024 मध्ये अशा 13 जागा समोर आल्या, त्यातल्या 9 नव्या. काही जागा टाइप 2 मधुमेहाच्याही आहेत, काहींचा संबंध मात्र मुख्यतः गरोदरपणाशीच दिसतो. म्हणजे हा नेहमीचाच मधुमेह, फक्त जरा लवकर उघडकीला आलेला, हे म्हणणे अर्धेच खरे.

मला सगळ्यात विलक्षण वाटते ती जीसीके या जनुकाची गोष्ट. बीटा पेशी साखर मोजतात ती ग्लुकोकायनेज या विकराच्या (एन्झाइमच्या) मदतीने, आणि ते बनवते हे जनुक. त्याची एक प्रत सदोष असली की शरीर थोड्या वरच्या पातळीलाच ‘ठीक’ समजते. उपाशीपोटी साखर जन्मभर 100 ते 145 च्या दरम्यान राहते, त्रास काहीच नाही, त्यामुळे बाईला पत्ता लागतो तो थेट गरोदरपणातल्या तपासणीत. आता बाळाकडे पाहा. सदोष प्रत त्याच्याकडे आली नसेल, तर आईकडून येणारी साखर त्याला जास्त वाटते, ते भरपूर इन्सुलिन तयार करते आणि त्या इन्सुलिनवर ते सुमारे अर्धा किलो जास्त भरते. तीच प्रत त्याच्याकडेही आली असेल, तर त्याला साखर योग्यच वाटते आणि वजन बेताचे राहते. अशा वेळी आईची साखर इन्सुलिन देऊन खाली ओढली तर बाळ अशक्त राहू शकते. म्हणून डॉक्टर सोनोग्राफीत बाळाच्या पोटाचा घेर पाहतात आणि मग उपचार ठरवतात.

बापही यातून सुटत नाही. वार बाळाच्या पेशींपासून बनते, त्यामुळे तिच्यातली निम्मी जनुके बापाची. बापाकडची जनुके आईकडून जास्त पोषण ओढू पाहतात आणि आईकडची त्याला आवर घालतात, अशी मांडणी उत्क्रांतीचे अभ्यासक डेव्हिड हेग यांनी 1993 मध्ये केली. पुढे उंदरांवरच्या प्रयोगात, पिल्लांमधले वाढीचे आयजीएफ2 हे जनुक जास्त सक्रिय केले तेव्हा गाभण मादीची साखर चढल्याचे दिसले.

मग सरसकट सगळ्यांची जनुकतपासणी करावी का? नको. नेहमी आढळणाऱ्या बदलांपैकी एकेकाचा परिणाम लहान असतो. 24 ते 28 आठवड्यांदरम्यान ग्लुकोज पाजून केलेली साधी चाचणी जास्त कामाची. बाळंतपणानंतर बहुतेकींची साखर उतरते, पण अशा स्त्रियांना पुढे टाइप 2 मधुमेह होण्याची शक्यता इतरांच्या जवळपास दहापट असते. म्हणून 4 ते 12 आठवड्यांनी पुन्हा तपासणी हवी, आणि नंतरही अधूनमधून. तेव्हाही एखाद्या सडपातळ बाईची उपाशीपोटीची साखर 110-120 च्या घरात रेंगाळत असेल आणि तिच्या आईची किंवा वडिलांचीही तशीच असेल, तर मात्र जीसीकेची तपासणी जरूर करावी. दोष तिथे सापडला, तर एरवी तिला साखर कमी करणाऱ्या गोळ्यांची गरजच नसते.